आवडतो त्याला मत द्यायचं, की निवडून येईल त्याला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, नुकतेच सिटिझन झालात, २०२८ ला पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, मत देणार आहात. जी उमेदवार तुम्हाला मनापासून पटते तिच्याबद्दल घरात, ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत सगळे एकच ऐकवतात, "बाई चांगली आहे हो, पण निवडून येणार नाही." तर निवडून कोण येईल हे आधी ओळखता येतं का, आणि येत असेल तर कसं?

मी गेली बावीस वर्षं पेनसिल्वेनियात पोल आणि फोकस ग्रुपची (मतदारांना खोलीत बसवून बोलतं करायची) कामं करतोय, जास्त करून डेमोक्रॅटिक उमेदवारांसाठी. उत्तर आधीच सांगून टाकतो. ओळखता येतं, पण थोडंच. आणि जेवढं येतं तेवढं उमेदवाराच्या चेहऱ्याकडे बघून नाही, त्याला आजवर कोणी मतं दिली ते मोजून येतं. बाकी जे चालतं ते सगळं शेजाऱ्याच्या मनात काय असेल याचे अंदाज.

आपल्याकडे तिकीटवाटप आलं की पेपरात 'इलेक्टिव्ह मेरिट' हा शब्द सुरू होतो ना, तेच हे. जातीचं गणित, पैसा, मागच्या वेळची मतं, गावागावात माणसं किती, हे बघून नेते तिकीट देतात. अमेरिकेतही १९६८ पर्यंत साधारण तसंच होतं, उमेदवार पुढारी ठरवायचे. १९७२ पासून ते प्रायमरीतल्या मतदारांच्या हातात आलं. म्हणजे तुम्ही नुसते मतदार नाही, तिकीट देणारेही तुम्हीच, आणि म्हणून हा प्रश्न तुमच्या डोक्याला लागलाय.

पुढाऱ्यांच्या काळातली एक गोष्ट मात्र मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. १९६०, जॉन केनेडी. ते कॅथलिक. १९२८ ला अल स्मिथ नावाचा कॅथलिक उमेदवार हरला होता आणि तेव्हापासून कॅथलिक माणूस अध्यक्ष होत नाही असं लोक धरूनच चालायचे. पुढाऱ्यांना तोंडी समजावून काही होणार नव्हतं, म्हणून केनेडी वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रायमरीत उतरले, जिथे जवळजवळ सगळी वस्ती प्रोटेस्टंट, कोळशाच्या खाणी, गरिबी, आणि समोर ह्यूबर्ट हम्फ्री. घरचा पैसाही भरपूर लावला, ते खरंच आहे. १० मे ला साधारण ६१ टक्के मतं घेऊन जिंकले आणि हम्फ्रींनी त्याच रात्री माघार घेतली. धर्म तोच, माणूस तोच, पुढारीही तेच, फरक एवढाच की आता मोजलेली मतं टेबलावर होती.

ओबामांचं पण तसंच झालं. २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातले पुष्कळ कृष्णवर्णीय मतदार हिलरी क्लिंटनकडे होते किंवा कुंपणावर होते. ओबामा आवडत नव्हते असं नाही, गोरे लोक याला मत देणार नाहीत मग आपण मत वाया का घालवायचं, असा हिशोब होता. ३ जानेवारी २००८ ला आयोवात, जिथे दहातले नऊ लोक गोरे, ओबामा पहिले आले आणि २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात त्यांना ५५ टक्के मतं पडली. तीन आठवड्यांत तो माणूस काही बदलला नव्हता.

आता याच्या उलटं बघा. २००४ ला डेमोक्रॅटांना एकच गोष्ट पाहिजे होती, बुशला हरवणारा माणूस. हॉवर्ड डीन पुढे होता, सभा भरत होत्या, पण आयोवात ऐनवेळी लोक जॉन केरीकडे वळले, कारण केरी व्हिएतनामला लढलेला, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट अशी लष्करी पदकं मिळालेला, म्हणजे देशाच्या सुरक्षेवरून कोणी बोट दाखवणार नाही असा कागदावरचा एकदम सेफ उमेदवार. झालं काय, तर ऑगस्टमध्ये विरोधकांच्या जाहिराती आल्या त्या नेमक्या त्याच्या व्हिएतनामच्या रेकॉर्डवर, आणि केरींच्या टीमने उत्तर द्यायला वेळ लावला. शेवटी ओहायोत साधारण १ लाख १८ हजार मतांनी गेलं सगळं. डीन असता तर जिंकला असता असं मी म्हणत नाही, कदाचित जास्तच वाईट हरला असता. पण मी त्या वर्षी या धंद्यात नवीन होतो, दारोदार फिरत होतो, आणि मला अजून आठवतं की केरीला मत देणारे लोक स्वतःला तो का आवडतो हे सांगत नव्हते, दुसऱ्यांना तो का आवडेल हे सांगत होते. स्वतःला पटलेलं नसलं की माणूस शेजाऱ्याला फोन करत नाही, लॉनवर पाटी लावत नाही, मतदानाच्या दिवशी म्हातारीला गाडीत घालून नेत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी पण हा शेजारीच आहे, म्हणून एक प्रसंग नीट सांगतो. २०१९ चा ऑक्टोबर, बेथलेहेमजवळचं एक हॉटेल, लांब टेबल, पिझ्झाचे खोके, छातीवर नावाचे स्टिकर लावलेल्या नऊ बायका, सगळ्या रजिस्टर्ड डेमोक्रॅट. नॉर्थम्प्टन काउंटी (म्हणजे जिल्हा) ही. हिने ओबामांना दोनदा निवडलं, मग ट्रम्प, मग बायडन, मग परत ट्रम्प, म्हणजे देशाचा निकाल इथे आधी लागतो म्हटलं तरी चालेल. मी प्रत्येकीला दोन चिठ्ठ्या दिल्या. निळीवर लिहायचं, तुमच्या एकटीच्या हातात असतं तर अध्यक्ष कोण. पिवळीवर, ट्रम्पला कोण हरवेल. निळ्या चिठ्ठ्यांवर तीन-चार वेगवेगळी नावं आली, त्यात बायकांची बरीच. पिवळ्या जवळपास सगळ्या एकाच नावाच्या, बायडन.

मग मी विचारलं की दोन चिठ्ठ्यांवर दोन नावं का. एक रिटायर झालेली नर्स होती, ती म्हणाली, माझा भाऊ बाईला मत देणार नाही, त्याच्यासारखे इथे खूप आहेत. मी विचारलं, २०१६ ला भावाने कोणाला दिलं? ती थांबली. "हिलरीला." सगळ्या गप्प झाल्या. ती स्वतःच परत म्हणाली, हो, हिलरीलाच दिलं होतं, मीच त्याला घेऊन गेले होते. आणि तरीही तिने पिवळी चिठ्ठी बदलली नाही.

मी हे भावाला किंवा तिला नावं ठेवायला सांगत नाहीये. सख्ख्या भावाच्या मताचा अंदाज जिथे असा चुकतो तिथे विस्कॉन्सिनमधल्या अनोळखी माणसाचा अंदाज आपण एडिसनमध्ये बसून करतो आणि त्यावर स्वतःचं मत ठरवतो, हे मला फार टोचतं.

तुम्ही लगेच म्हणाल, २०२० ला बायडन जिंकले ना, मग पिवळी चिठ्ठी बरोबरच निघाली. आणि २०१६ आणि २०२४ ला दोन्ही वेळा बाई हरली. बरोबर आहे, हे झाकून ठेवून उपयोग नाही. पण दोन निवडणुकांवरून नियम काढता येत नाही. हिलरींना देशभरात ट्रम्पपेक्षा साधारण २९ लाख मतं जास्त पडली होती, पण अध्यक्ष राज्यवार इलेक्टोरल मतांवर ठरतो, आणि त्या हरल्या मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनियात मिळून ७८ हजारांच्या आत. आणि २०२४ च्या त्याच मतदानात, ज्या दिवशी कमला हॅरिस सातही स्विंग स्टेट (कुठेही झुकू शकणारी राज्यं) हरल्या, त्याच दिवशी विस्कॉन्सिनमध्ये टॅमी बाल्डविन, मिशिगनमध्ये एलिसा स्लॉटकिन आणि नेवाडात जॅकी रोझन सिनेटवर निवडून आल्या. तिन्ही राज्यं ट्रम्पने घेतली होती. आणि आमच्या पेनसिल्वेनियात बॉब केसी, पुरुष, गोरा, तीन टर्मचा सिनेटर, वडील गव्हर्नर होते, तो पडला. बाई आहे म्हणून थोडं नुकसान होत नसेलच असं मी छातीठोक सांगणार नाही, पण 'बाई निवडून येत नाही' हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

बरं, मग मोजायचं काय? मी पहिली गोष्ट बघतो ती ही, की त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, पक्षाच्या दुसऱ्या उमेदवारापेक्षा याला किती जास्त मतं पडली. नुसता जिंकला का हे नाही, कारण बालेकिल्ल्यात पक्षाच्या नावावर कोणीही निवडून येतो. २०२२ ला पेनसिल्वेनियात जॉश शपिरो गव्हर्नरला जवळजवळ १५ टक्क्यांनी जिंकला आणि जॉन फेटरमन सिनेटला साधारण ५ टक्क्यांनी, दोघेही डेमोक्रॅट. मतदार तेच, पेन तेच. म्हणजे बऱ्याच लोकांनी मुद्दाम एका जागेला एक पक्ष आणि दुसऱ्या जागेला दुसरा असं केलं. रिपब्लिकन बाजूला त्याच वर्षी ओहायोत माइक डिवाइन गव्हर्नरला २५ टक्क्यांनी जिंकला आणि जे. डी. व्हॅन्स सिनेटला ६ टक्क्यांनी. हे आकडे कोणाच्या मताला विचारून बदलत नाहीत.

पण यात दोन खड्डे आहेत आणि अनुभवी लोकही त्यात पडतात. एक, समोर कोण होता. शपिरोच्या समोरचा उमेदवार इतका कच्चा होता की त्या १५ मधले किती शपिरोचे आणि किती समोरच्याचे ते वेगळं करणं अवघड आहे. दुसरा खड्डा मोठा. गव्हर्नरला लोक वेगळ्या मापाने मत देतात, रस्ते, शाळा, पूर आला तेव्हा कुठे होता, आणि वॉशिंग्टनला पाठवताना पक्षच बघतात. फिल ब्रेडेसन २००६ ला टेनेसीच्या सगळ्या ९५ काउंटी जिंकून परत गव्हर्नर झाला, डेमोक्रॅट असून, आणि २०१८ ला सिनेटला उभा राहिला तर जवळजवळ ११ टक्क्यांनी पडला. लॅरी होगन, रिपब्लिकन, मेरीलँडसारख्या राज्यात दोनदा गव्हर्नर, २०२४ ला सिनेट हरला. स्टीव्ह बुलक, डेमोक्रॅट, मोंटानात २०१६ ला गव्हर्नरला जिंकला जेव्हा ट्रम्प तिथे २० टक्क्यांनी पुढे होता, मग अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरला तर कोणी विचारलं नाही, आणि २०२० ला सिनेटही गेलं. म्हणून आता अँडी बेशियरचं नाव घेतात की केंटकीत डेमोक्रॅट असून २०२३ ला ५ टक्क्यांनी जिंकला, तेव्हा मी म्हणतो मोठी गोष्ट आहे, पण केंटकी अध्यक्षपदाला त्याला मत देणार नाही आणि द्यायची गरजही नाही.

कारण गणित राज्यांचं आहे. ५३८ इलेक्टोरल मतांपैकी २७० पाहिजेत, आणि २०२८ ला राज्यांचे आकडे २०२४ चेच राहणार, पुढच्या जनगणनेचा परिणाम २०३२ पासून. पेनसिल्वेनिया १९, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना १६-१६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १०, नेवाडा ६. बाकी सगळीकडे बहुतेक ठरलेलं. इथे एक गोष्ट बदलली आहे ती फार कमी लोकांच्या लक्षात आली. २०२० ला बायडन देशात साडेचार टक्क्यांनी पुढे होते तरी विस्कॉन्सिन अर्ध्या टक्क्याच्या आसपास निसटतं मिळालं, म्हणजे डेमोक्रॅटला देशात चार टक्के पुढे असल्याशिवाय जिंकणं कठीण होतं. २०२४ ला ट्रम्प देशात दीड टक्क्याने पुढे आणि पेनसिल्वेनियात पावणेदोन. ती दरी जवळजवळ बुजली. तेव्हा 'फक्त मिडवेस्टच्या कारखान्यातल्या माणसाला चालेल असाच उमेदवार द्या' हा जो २०१६ पासूनचा धोशा आहे तो आता तेवढा पक्का राहिलेला नाही.

पोलचं म्हणाल, तर आमच्या धंद्याचंच आहे म्हणून स्पष्ट सांगतो, निवडणुकीच्या वर्ष-दीड वर्ष आधीचे 'अमका विरुद्ध तमका' पोल बघून उमेदवार निवडू नका. १९८८ च्या जुलैत डेमोक्रॅट डुकाकिस थोरल्या बुशच्या १७ टक्के पुढे होते, नोव्हेंबरात ४० राज्यं हरले. १९९२ च्या जूनमध्ये बिल क्लिंटन तिसऱ्या नंबरावर होते, थोरले बुश आणि अपक्ष पेरोच्या मागे, नंतर ३७० इलेक्टोरल मतं घेऊन अध्यक्ष झाले. २०२४ च्या आधी रिपब्लिकन निकी हेली बऱ्याच पोलमध्ये ट्रम्पपेक्षा जास्त फरकाने बायडनच्या पुढे दिसायची, कारण साधं होतं, तिच्यावर अजून कोणी शंभर कोटींच्या जाहिराती सोडलेल्या नव्हत्या. ज्याला लोक ओळखत नाहीत तो कागदावर नेहमी गोंडस दिसतो. मी लवकरच्या पोलमध्ये एकच बघतो, किती लोक ओळखतात आणि ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना तो नकोसा आहे. ९५ टक्के लोक ओळखत असतील आणि निम्म्यांना नको असेल तर ते मत हलवायला फार जोर लागतो. आणि पोलही चुकतात. २०१६ ला राज्यांच्या बऱ्याच पोलमध्ये शिक्षणाप्रमाणे वेटिंग (ज्या गटाचे लोक कमी सापडले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देणं) केलेलं नव्हतं, कॉलेज न झालेले गोरे मतदार कमी मोजले गेले. आमच्यात पण तीच चूक होती. त्या रात्री लुझर्न काउंटीचे आकडे येताना बघून पोटात खड्डा पडला होता. तेव्हापासून एकही पोल मी शिक्षणाचा कॉलम स्वतः तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही.

टोकाची मतं असणारा उमेदवार हरतो का? रिपब्लिकन गोल्डवॉटर १९६४ ला ६ राज्यांवर आला, डेमोक्रॅट मॅकगव्हर्न १९७२ ला मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी सोडून सगळं हरला, तर हो, याला आधार आहे. पण टोकाचा कोण हे ठरवताना लोक भाषेला भुलतात. रेगनबद्दल १९८० ला हेच म्हणायचे, फार उजवा, ६९ वर्षांचा, सिनेमातला, आणि तो ४८९ इलेक्टोरल मतं घेऊन आला. ट्रम्पची भाषा २०१६ ला कोणाहूनही भडक होती, पण त्याच प्रचारात तो सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला हात लावणार नाही म्हणत होता, जे रिपब्लिकन उमेदवार सहसा म्हणायचे नाहीत, आणि पुष्कळ मतदारांना तो नेहमीच्या रिपब्लिकनपेक्षा मधला वाटला. ईरीला एका पोर्चवर मला एक माणूस भेटला होता, रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला, ओबामांना दोनदा मत देऊन मग ट्रम्पला दिलेलं. मी त्याला डावा-उजवा विचारत होतो. तो बूट पुसत बसला होता, मान वर न करता म्हणाला, मला फक्त एवढंच कळतं की खोलीत मी नसताना माझ्यासाठी कोण भांडेल. मी त्या दिवसापासून फोकस ग्रुपमध्ये हा प्रश्न जसाच्या तसा विचारतो, आणि उमेदवाराबद्दल याचं उत्तर जिथे चटकन येतं तिथे बाकीच्या गुणांना मी कमी किंमत देतो.

आणि हे सगळं करूनही मोठा भाग उमेदवाराच्या हातात नसतोच. १९५२ नंतर एकाच पक्षाला सलग तिसरी टर्म एकदाच मिळाली, १९८८ ला. २००८ ला सप्टेंबरमध्ये बँका कोसळल्या, अध्यक्ष बुशची लोकप्रियता तळाला, तिथे त्यांच्याच पक्षाचा मॅकेनसारखा युद्धकैदी राहिलेला, सगळ्यांना मान्य असलेला माणूसही वाहून गेला. २०२२ च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, ती किराणाच्या बिलात लोकांना २०२४ पर्यंत दिसत राहिली. २०२८ ला ट्रम्प घटनेप्रमाणे उभे राहू शकत नाहीत, पण मतदार त्यांच्या चार वर्षांवरच मत देणार, आणि ती चार वर्षं कशी वाटली यावर दोन्ही उमेदवारांचं नशीब माझ्या कुठल्याही पोलपेक्षा जास्त ठरेल. चांगल्या आणि साधारण उमेदवारात फरक पडतो तो माझ्या अंदाजाने दोन-तीन टक्क्यांचा. निवडणुका हल्ली तेवढ्यावरच फिरतात, म्हणून तो फरक महत्त्वाचा, पण तो फरक तुम्हा-आम्हाला आधी नेमका ओळखता येईल असं समजणं धोक्याचं.

पैशाचं एक वाक्यात, कारण मंडळात श्री ठाणेदारांचं उदाहरण निघतंच. बेळगावकडचा आपला मराठी माणूस, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरच्या प्रायमरीत स्वतःचे सुमारे १ कोटी डॉलर घालून तिसरा आला, आणि नंतर २०२२ ला काँग्रेसवर निवडून गेला तो डेट्रॉइटमध्ये घट्ट पाय रोवून. (अध्यक्षपदाला ते उभे राहू शकत नाहीत, जन्माने नागरिक लागतो.) रिपब्लिकन जेब बुशच्या मागे २०१६ ला दहा कोटींहून जास्त डॉलर होते, हाती चार डेलिगेट (उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी) आले.

तर तुमच्या उमेदवाराचं काय करायचं ते असं. ती कधी अटीतटीच्या जागेवर लढली आहे का, आणि पक्षाच्या त्याच वेळच्या आकड्यापेक्षा पुढे होती का मागे, ते शोधा, सगळे निकाल काउंटीप्रमाणे राज्याच्या साइटवर मिळतात, एका संध्याकाळचं काम आहे. तिच्यावर सगळ्यात वाईट जाहिरात काय होऊ शकते ती स्वतः लिहून बघा, आणि तिने याआधी त्यावर उत्तर दिलंय का ते बघा. हे दोन्ही ठीकठाक निघालं तर तुम्हाला जी पटते तिलाच द्या. दोन्ही वाईट निघालं, तर मग गणपतीतल्या लोकांचं ऐका, पण त्यांच्या कारणासाठी नाही.

आणि न्यू जर्सीची प्रायमरी नेहमीसारखी जूनमध्ये असेल तर तुमची पाळी येईपर्यंत बहुतेक सगळं ठरलेलं असेल, म्हणून तुमचं वजन मतापेक्षा त्याआधीच्या कामात जास्त आहे, फोन बँकिंग (मतदारांना फोन करणं), छोटी देणगी, आणि नंतर ऑक्टोबरात शनिवारी आमच्याकडे येणं, एडिसनहून बेथलेहेम गाडीने तासाभराच्या आसपास. रजिस्ट्रेशनमध्ये तुम्ही अनअफिलिएटेड (कुठल्याच पक्षात नाव नसलेले) असाल तर प्रायमरीच्या दिवशी तिथेच पक्ष सांगता येतो, पण चुकून दुसऱ्या पक्षात नाव लागलं असेल तर ते ५५ दिवस आधी बदलावं लागतं, तेव्हा ते आजच उघडून बघा.